मुलांना अभिनयात उतरवताना: पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांची नाट्यशिबिरे घेताना, आणि पुढे त्यांतल्या काही मुलांच्या सोबतीला चित्रीकरणाच्या ठिकाणी तासन्‌तास बसताना, पालकांचे जे प्रश्न वर्षानुवर्षे कानांवर आले आणि आजही येत असतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे मुख्यतः महाराष्ट्रातील नाटक, मालिका, चित्रपट आणि जाहिराती यांना धरून आहेत. एखाद्या प्रश्नाचा धागा दुसऱ्या उत्तरात असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझी मुलगी घरात सतत नकला करते, आरशासमोर संवाद म्हणते. तिला अभिनयात पुढे न्यायचे तर सुरुवात कोठून करावी?

नाटकापासून. कॅमेऱ्यासमोर एका मुलाला मिळते ते काम तुकड्यातुकड्यांचे असते. दोन वाक्ये बोलायची, थांबायचे, पुन्हा तीच बोलायची. नाटकात मात्र महिनाभर तालीम चालते, दुसऱ्याचे वाक्य संपेपर्यंत गप्प उभे राहावे लागते, मागच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवावा लागतो आणि समोर बसलेल्या माणसांचा प्रतिसाद तिथल्या तिथे कळतो. मराठीत या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये मुंबईत ‘लिटल थिएटर’ सुरू केले, तेव्हापासून बालनाट्य हा आपल्याकडे स्वतंत्र आणि गांभीर्याने करण्याचा प्रकार मानला जातो. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य बालनाट्य स्पर्धा वेगवेगळ्या शहरांतल्या केंद्रांवर होते आणि तिच्यात शाळांचे व हौशी संस्थांचे संघ उतरतात. शाळेच्या स्नेहसंमेलनातला छोटा प्रवेश, नाट्यछटा स्पर्धा, उन्हाळी सुटीतले शिबीर, गावच्या गणेशोत्सवातले नाटक यांपैकी जे जवळ असेल तेथून आरंभ करावा. शिबीर निवडताना शेवटच्या दिवशीच्या प्रयोगाच्या भपक्यापेक्षा एका शिक्षकामागे किती मुले आहेत आणि प्रत्येक मुलाला रोज उभे राहून काही करायला मिळते का, एवढे विचारावे.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्यावी. बालनाट्याच्या प्रत्येक प्रयोगात मुलेच काम करतात असे नाही. पुण्यातल्या ग्रिप्स पद्धतीच्या (बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरच्या धर्तीवरच्या) नाटकांत मुलांच्या भूमिका मोठी माणसे करतात. अशा संस्थेकडे मुलाला ‘काम द्या’ म्हणून नेण्याऐवजी तिचे नाटक त्याला दाखवायला न्यावे. चांगली नाटके पाहणे हाही अभ्यासच आहे.

२. कोणत्या वयापासून सुरुवात करणे योग्य?

शिबिरासाठी सहा-सात वर्षे हे सोयीचे वय आहे, कारण तोवर मुलाला सूचना ऐकून ती पाळता येते आणि आई-वडिलांवाचून दोन तास राहता येते. वाचता येऊ लागले की पाठांतराचा भार हलका होतो. याहून लहान मुले जाहिरातींत आणि मालिकांत दिसतात, हे खरे. पण तिथे अभिनय मुलाचा नसतो, त्याच्या मूडची वाट पाहणाऱ्या माणसांच्या चिकाटीचा असतो. तान्ह्या बाळाला चित्रीकरणाला नेण्याचा आग्रह कोणी करत असेल तर नकार द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांच्या मसुद्यातही स्तनपान, लसीकरण अशा जनजागृतीपर कार्यक्रमांचा अपवाद वगळता तीन महिन्यांखालील बाळाला या कामात घेऊ नये, असे म्हटले होते.

३. आवड मुलाची आहे की आमचीच हौस आहे, हे कसे ओळखावे?

मूल तालमीहून घरी आल्यावर काय करते, ते पाहावे. ज्याला गोडी लागली आहे ते दुसऱ्यांची वाक्येही म्हणून दाखवते, एखादी जागा आज का फसली हे सांगते, आजारपणात तालीम चुकली तर हिरमुसते. ज्याला फक्त कौतुक हवे आहे ते प्रयोगाच्या दिवशी खूश असते आणि तालमीच्या दिवशी त्याचे पोट दुखते. यात मुलाचा काही दोष नाही. बहुतेक मुले अशीच असतात आणि त्यांच्यासाठी वर्षाला एक स्नेहसंमेलन पुरेसे आहे. ‘आम्हाला संधी मिळाली नाही, निदान त्याला तरी’ हे वाक्य पालकांच्या तोंडी मी इतक्यांदा ऐकले आहे की ते ऐकले की आता मी आधी मुलाशी एकट्याने बोलून घेतो.

४. आम्ही सोलापूरला राहतो. मुलासाठी मुंबईला बिऱ्हाड हलवावे लागेल का?

नाही, आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत तर मुळीच नाही. गोरेगावची चित्रनगरी, ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यालगतची चित्रीकरणस्थळे, अंधेरी-वर्सोव्यातली निवडप्रक्रियेची कार्यालये हे सारे मुंबईत आणि तिच्या आसपास आहे, हे खरे. पण आता पहिली चाचणी बहुधा मोबाइलवर चित्रित करून पाठवायची असते. शिवाय कोल्हापूर, सातारा, नाशिक या भागांतही मालिका आणि चित्रपट चित्रित होतात. ग्रामीण पार्श्वभूमीच्या चित्रपटाला त्या मातीतले, त्या बोलीतले मूल हवे असते आणि अशा वेळी दिग्दर्शक स्वतः शाळाशाळांत हिंडून मुले पाहतात. तेथे सोलापूरची बोली ही अडचण न ठरता भांडवल ठरते. म्हणून मुलाची बोली ‘सुधारून’ टाकू नये. प्रमाण मराठी आणि घरची बोली या दोन्हींत त्याला सहज बोलता आले पाहिजे. गोव्यातल्या जत्रांतल्या नाटकांत वाढलेल्या मुलांनाही हेच लागू आहे.

चित्रीकरणासाठी गावाबाहेर राहावे लागल्यास प्रवास, निवास आणि सोबतच्या एका पालकाचा खर्च निर्मात्याने करावयाचा असतो. हे तोंडी ठरवू नये. प्रश्न १४ पाहा.

५. चांगला पोर्टफोलिओ करून घ्यायचा तर किती खर्च करावा?

शून्य. मूल दर सहा महिन्यांनी वेगळे दिसते. दुधाचे दात पडतात, उंची वाढते, केस कापले जातात. महागडे फोटो हाती येईपर्यंत जुने झालेले असतात. खिडकीच्या उजेडात, साध्या भिंतीसमोर, साध्या कपड्यांत, मेकअप न करता काढलेले चार फोटो पुरतात: चेहरा समोरून, चेहरा एका बाजूने, पूर्ण उभे आणि एक हसरा. त्यांच्याबरोबर मुलाचे वय, उंची, बोलता येणाऱ्या भाषा आणि पोहणे, सायकल, गाणे, वाद्य असे खरोखर येणारे कौशल्य लिहावे. घोडेस्वारी येते असे खोटे लिहून पाठवलेल्या एका मुलाला प्रत्यक्ष घोड्यासमोर उभे केल्यावर काय झाले, हे पाहण्याचा प्रसंग माझ्यावर आला आहे. घरचा पत्ता, शाळेचे नाव आणि गणवेशातला फोटो पाठवू नये.

६. ‘तुमच्या मुलाची निवड झाली आहे, नोंदणीसाठी पैसे भरा’ असा फोन आला. खरे मानावे का?

मानू नये. काम देणारा माणूस पैसे देतो, घेत नाही. नोंदणी शुल्क, ओळखपत्राचे शुल्क, ‘परत मिळणारी’ अनामत, आमच्याच छायाचित्रकाराकडून फोटो काढण्याची अट, आमच्याच कार्यशाळेत प्रवेश घेतल्यास भूमिकेची हमी, ही सगळी एकाच झाडाची फळे आहेत. हॉटेलातल्या एका सभागृहात दोनशे मुलांना रांगेत उभे करायचे, प्रत्येकाला अर्धा मिनिट ऐकायचे आणि संध्याकाळी सगळ्यांनाच ‘दुसऱ्या फेरीत’ निवडल्याचे कळवायचे, हा धंदा शहरोशहरी चालतो. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने अशा तीन फेऱ्यांचे पैसे भरले. चौथ्या फेरीच्या दिवशी तो फोन बंद झाला.

शिकवण्याचे शुल्क घेणे गैर नाही. शिक्षकाने ते घ्यावेच. मात्र शिकवणारा आणि काम मिळवून देणारा एकच असल्याचे सांगितले जात असेल, तर ‘शिकवण्याचे पैसे देतो, कामाचे आमचे आम्ही पाहू’ असे म्हणून पाहावे. समोरच्याचा सूर बदलला तर उत्तर मिळाले. ऑडिशनचा निरोप आला की निर्मितिसंस्थेचे नाव विचारून तिच्या अधिकृत खात्यावर किंवा कार्यालयात खात्री करून घ्यावी. मुलाला एकट्याने आत बोलावले, पालकाला बाहेर थांबायला सांगून दार लावले किंवा कपडे बदलून, कमी कपड्यांत चित्रफीत मागितली, तर तेथून तडक निघावे आणि पोलिसांना कळवावे.

७. कोऑर्डिनेटर कोण असतो? त्याच्याशिवाय काम मिळते का?

कोऑर्डिनेटर हा निर्मितिसंस्था आणि कलाकार यांच्यामधला दुवा असतो. कोणत्या वयाचे, कोणत्या चेहऱ्याचे मूल हवे आहे हा निरोप त्याच्याकडे येतो, तो पालकांना कळवतो आणि काम झाले तर मोबदल्यातून ठरलेली टक्केवारी घेतो. कास्टिंग दिग्दर्शक, म्हणजे भूमिकांसाठी कलाकार निवडणारा, वेगळा. त्याला निर्माता पैसे देतो आणि त्याने पालकांकडून काही घेण्याचे कारण नसते. कोऑर्डिनेटरशिवायही कामे मिळतात, विशेषतः नाटकातल्या ओळखींतून. त्याच्याबरोबर काम करायचे ठरवल्यास टक्केवारी किती, ती मिळालेल्या पैशांवर की ठरलेल्या पैशांवर, आणि पैसे आधी त्याच्या खात्यात येणार की मुलाच्या, हे तीन प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावेत. ‘फक्त माझ्यामार्फतच काम करायचे’ असा करार मुलाच्या बाबतीत करू नये.

८. ऑडिशनसाठी घरी कशी तयारी करून घ्यावी?

जितकी कमी तितकी बरी. पालकांनी हावभावांसह बसवलेले पाठांतर निवड करणाऱ्याला पहिल्या वाक्यात कळते. तो मग मुलाला म्हणतो, ‘आता हेच रागावून बोल’, आणि पढवलेले मूल गोंधळते, कारण त्याला वाक्य येते पण त्या वाक्याचा प्रसंग माहीत नसतो. म्हणून संवाद पाठ करण्याआधी प्रसंग समजावून सांगावा: कोण कोणाशी बोलतो आहे, त्याला काय हवे आहे, ते का मिळत नाही. तेच वाक्य चोरून, घाईत, झोपेत, खोटे बोलत असल्यासारखे म्हणण्याचा खेळ खेळावा. चित्रफीत घरून पाठवायची असेल तर मोबाइल आडवा धरावा की उभा, हे सूचनेत पाहावे. समोरचा संवाद म्हणणाऱ्याने कॅमेऱ्याला लागून बसावे आणि स्वतः अभिनय करू नये, कारण बहुतेक चित्रफितींत आईचाच आवाज मोठा येतो. सुरुवातीला नाव, वय, उंची सांगणारा छोटा परिचय द्यावा.

निकाल बहुधा कळवला जात नाही. आठवडाभरात काही निरोप आला नाही तर झाले नाही असे समजावे आणि मुलासमोर त्याची चर्चा करू नये. पुष्कळदा कारण मुलाशी संबंधितही नसते. पडद्यावरच्या आई-वडिलांशी चेहरा जुळत नाही, एवढ्यावरून निर्णय होतो.

९. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आहे ना? मग हे कायदेशीर कसे?

बंदी आहे, आणि हा तिला दिलेला मर्यादित अपवाद आहे. बाल व किशोरवयीन कामगार (प्रतिबंध व विनियमन) अधिनियम, १९८६ यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. मात्र जाहिरात, चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका आणि तत्सम मनोरंजनात कलाकार म्हणून काम करण्याची मुभा आहे. त्यातूनही सर्कस वगळली आहे. या कामामुळे मुलाच्या शिक्षणावर परिणाम होता कामा नये, अशी अट कायद्यातच आहे.

प्रत्यक्ष अटी २०१७ च्या सुधारणा नियमांत आहेत आणि प्रत्येक पालकाने त्या तोंडपाठ कराव्यात. निर्मात्याने ज्या जिल्ह्यात चित्रीकरण आहे तेथील जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. त्यासाठी ‘फॉर्म सी’ नमुन्यातील हमीपत्र, काम करणाऱ्या मुलांची यादी, पालकांची संमती आणि मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीचे नाव द्यावे लागते. हे हमीपत्र सहा महिने चालते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम मुलाकडून घेता येत नाही. सलग सत्तावीस दिवसांपेक्षा अधिक काम देता येत नाही. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते. मुलाच्या उत्पन्नापैकी किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत थेट जमा करावी लागते. आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला भाग घ्यायला लावता येत नाही.

‘परवानगीची प्रत दाखवा’ असे म्हणणारा पालक भांडखोर ठरेल अशी भीती अनेकांना वाटते. नीट चालणाऱ्या संस्थेकडे ती प्रत असते आणि ती दाखवायला दोन मिनिटे लागतात. जेथे या प्रश्नावर टाळाटाळ होते तेथे बाकीच्या गोष्टींतही टाळाटाळ होणार, असा माझा अनुभव आहे.

१०. चित्रीकरणाचा दिवस कसा असतो आणि पालकाने तेथे काय करायचे?

मालिकेची पाळी बहुधा बारा तासांची असते आणि मोठे कलाकार त्या हिशेबाने बांधलेले असतात. मुलाचे पाच तास त्यात बसवायचे तर त्याचे प्रसंग एकत्र करून घ्यावे लागतात. हे नियोजन आदल्या दिवशी होते. म्हणून कॉल टाइमचा, म्हणजे हजर होण्याच्या वेळेचा, निरोप येताच मुलाचे प्रसंग किती आणि सुटका कधी, हे विचारून घ्यावे. सकाळी नऊला बोलावून दुपारी चारला पहिला प्रसंग घेणे आणि ‘काम तर दोनच तास केले’ असे म्हणणे हा नेहमीचा प्रकार आहे. वाट पाहणेही मुलाला दमवते. एका वहीत आल्याची, मेकअपची, प्रत्येक प्रसंगाची आणि निघाल्याची वेळ लिहीत जावे. ती वही कोणाला दाखवायची वेळ क्वचितच येते, पण ती लिहिली जाते हे सेटवर सर्वांना दिसते.

पालकाने मूल दिसेल अशा जागी बसावे. मॉनिटरमागे उभे राहून दिग्दर्शन करू नये. ‘कट’ म्हटल्यावर मुलाने आईकडे पाहिले की दिग्दर्शकाचे काम अवघड होते. डबा, पाणी, बदलायचे कपडे, गोष्टीचे पुस्तक जवळ ठेवावे. मेकअप शक्य तितका हलका ठेवायला सांगावा आणि त्वचेला कशाचा त्रास होतो ते पहिल्याच दिवशी मेकअप दादांना सांगावे. कपडे बदलायची खोली बंद होणारी असावी आणि तेथे पालकच असावा. आग, पाणी, उंची, जनावर, वाहन यांपैकी काही प्रसंगात असेल तर सुरक्षेची व्यवस्था स्वतः पाहिल्याशिवाय मुलाला पुढे पाठवू नये. एरवी सौम्य राहावे, पण येथे नाही म्हणायला कचरू नये. अर्ध्या तासाचे नुकसान कोणीही भरून काढते.

११. शाळेचे काय करावे?

काम स्वीकारण्यापूर्वी मुख्याध्यापकांना भेटावे; दूरचित्रवाणीवर मूल दिसल्यावर नव्हे. संभाव्य तारखा लेखी द्याव्यात, चाचण्यांच्या तारखा निर्मितिसंस्थेला आधी कळवाव्यात आणि बुडालेला अभ्यास कोण भरून घेणार ते ठरवावे. अभ्यासात खंड पडू नये अशी सोय करण्याची जबाबदारी नियमांनुसार निर्मात्याची आहे, त्यामुळे लांबच्या चित्रीकरणाला शिकवणाऱ्या व्यक्तीची मागणी करण्यात संकोच नसावा. चित्रपटाचे काम सुटीत बसू शकते, जाहिरात दोन-तीन दिवसांत आटोपते. दैनंदिन मालिका मात्र संपण्याची तारीख सांगत नाही. मुख्य भूमिकेची दैनंदिन मालिका आणि नियमित शाळा या दोन गोष्टी एकत्र नीट चालतात, असे मला प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही.

१२. मोबदला किती मिळतो आणि हातात कधी येतो?

ठरावीक दर नाही. भूमिकेची लांबी, वाहिनी, मालिकेत दिवसाचा दर की महिन्याचे किमान दिवस, यांवर तो ठरतो. प्रायोगिक आणि स्पर्धेच्या नाटकांत बहुधा काहीच मिळत नाही, उलट रिक्षाचे पैसे आपलेच जातात. मालिकांत काम केल्यानंतर नव्वद दिवसांनी पैसे देण्याची पद्धत रूढ आहे, त्यामुळे पहिल्या महिन्यात केलेल्या कामाचे पैसे चौथ्या-पाचव्या महिन्यात दिसू लागतात. या पैशांवर घरातले कोणतेही हप्ते बेतू नयेत. आई किंवा वडील नोकरी सोडून मुलासोबत फिरू लागले की मुलाचे काम हा घरचा आधार बनतो, आणि मग त्याला ‘नको’ म्हणता येत नाही (प्रश्न २१). मुदत ठेवीची २० टक्के ही कायद्याने ठरवलेली किमान मर्यादा आहे. प्रवास आणि कामाचा खर्च वजा जाता सगळीच रक्कम मुलाच्या नावे ठेवणारी कुटुंबे मी पाहिली आहेत.

१३. मुलाच्या कमाईवर कर लागतो का? तो कोणाच्या नावावर?

साधारणपणे अज्ञान (अठरा वर्षांखालील) मुलाचे उत्पन्न आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. मात्र मुलाने स्वतःच्या कौशल्याने किंवा कलेने मिळवलेले उत्पन्न याला अपवाद आहे. ते मुलाचे स्वतःचे मानले जाते आणि मुलाच्या नावे पालक विवरणपत्र भरतात. यातली गंमत अशी की, त्याच पैशांच्या मुदत ठेवीवरचे व्याज हे कलेचे उत्पन्न नसते, त्यामुळे ते पुन्हा पालकाच्या उत्पन्नात जाते. मुलाच्या नावाचे पॅन कार्ड काढता येते. त्यावर त्याचा फोटो आणि सही नसते आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ते अद्ययावत करून घ्यावे लागते. मोबदल्यातून आधीच कापलेला कर एकूण देय करापेक्षा जास्त असेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. अनेक पालक हे विसरतात.

१४. करारावर कोणी सही करायची आणि त्यात काय पाहायचे?

अज्ञान व्यक्तीचा करार भारतीय करार कायद्यानुसार मुळातच निरर्थक असतो, म्हणून सही पालकाची. करार इंग्रजीत असतो. समजला नाही तर घरी आणून कोणाकडून तरी वाचून घ्यावा. ‘आत्ताच सही करा’ हे वाक्य ऐकू आले की कागद पिशवीत घालावा.

कामाच्या तारखा, रोजचे तास, मोबदला आणि तो देण्याची मुदत, प्रवास-निवास, डबिंगचे वेगळे पैसे, काम रद्द झाल्यास काय, या गोष्टी सर्वच पाहतात. जाहिरातींत मात्र खरी किंमत एका वेगळ्याच ओळीत असते: ती जाहिरात किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि कोणत्या माध्यमांत वापरायची. एक वर्षाच्या वापराचे पैसे घेणे वेगळे आणि ‘कायमचा, जगभर, सर्व माध्यमांत’ असा हक्क त्याच पैशांत देऊन टाकणे वेगळे. मूल वीस वर्षांचे झाल्यावरही त्याचा सहा वर्षांचा चेहरा एखाद्या पाकिटावर राहावा का, हा निर्णय आज त्याच्या वतीने आपण घेत असतो. त्याच करारात प्रतिस्पर्धी उत्पादनाची जाहिरात करू नये अशी अट असेल, तर ती किती काळ, हेही पाहावे. बिस्किटाच्या एका जाहिरातीपायी चॉकलेटच्या जाहिराती हातच्या गेल्याचे उदाहरण माझ्यासमोर घडले. मुलाचा आवाज किंवा चेहरा संगणकाच्या साह्याने पुढे वापरण्याची मुभा मागणारे कलम दिसल्यास ते खोडायला सांगावे.

१५. मुलाला रडायचे आहे, मार खायचा आहे किंवा भीतिदायक प्रसंगात काम करायचे आहे. होकार द्यावा का?

प्रसंग आणि दिग्दर्शक या दोन्हींवर ते अवलंबून आहे. समजूतदार दिग्दर्शक मुलाला ‘आपण रडण्याचा खेळ करू’ असे सांगतो, डोळ्यांत ग्लिसरीन घालतो आणि मार कॅमेऱ्याच्या कोनातून दाखवतो. आळशी माणूस ‘तुझी आई तुला सोडून गेली’ असे खोटेच सांगतो किंवा सेटवर ओरडतो, मूल खरोखर रडते आणि सगळे टाळ्या वाजवतात. दुसऱ्या प्रकाराला परवानगी देऊ नये, कितीही मोठे नाव असले तरी. पूर्ण प्रसंग लेखी मागावा, मुलाला तो आधी सांगावा आणि चित्रीकरण झाल्यावर ज्या कलाकाराने ‘मारले’ त्याच्याशी मुलाला खेळू द्यावे. भूमिका आणि माणूस वेगळे असतात हे तेवढ्याने कळते.

लैंगिक अर्थाचा संवाद, हावभाव किंवा नृत्य मुलाला देऊ नये. कोणी गैर स्पर्श केल्याचे मुलाने सांगितले तर त्यावर विश्वास ठेवावा, १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर किंवा पोलिसांकडे तक्रार करावी. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी घटना माहीत असणाऱ्याने ती कळवणे बंधनकारक आहे, त्यामुळे ‘काम जाईल, गप्प राहा’ असे सांगणाराही अडचणीत येतो.

१६. गाण्याच्या किंवा नाचाच्या रिअ‍ॅलिटी शोला पाठवावे का?

प्रश्न ९ मधले सर्व नियम तेथेही लागू आहेत. फरक असा की मालिकेत मूल दुसऱ्याचे पात्र करते. येथे त्याचे स्वतःचे आयुष्य, घरची गरिबी, वडिलांचे आजारपण हे पात्र होते. चित्रीकरणापूर्वीच्या गप्पांत घरातल्या गोष्टी विचारल्या जातात, त्या पुढे पडद्यावर येतात. काय सांगायचे नाही हे घरात आधी ठरवावे. बाद होण्याचा क्षण हजारो लोक पाहणार आहेत, हे मुलाला त्याच्या भाषेत सांगून त्याची तयारी आहे का ते पाहावे.

१७. आम्ही घरीच मुलाचे रील्स काढतो. हा अभिनयच ना? त्याला नियम नाहीत ना?

सहज काढलेल्या चित्रफितीत वावगे काही नाही. पण उत्पादनांच्या जाहिरातीचे पैसे येऊ लागले, रोज एक चित्रफीत टाकावीच लागते असे झाले, की घरच चित्रीकरणस्थळ होते आणि निर्माता, दिग्दर्शक व पालक एकच असल्यामुळे मुलाच्या बाजूने बोलणारे कोणी उरत नाही. प्रश्न २ मध्ये उल्लेखलेल्या मसुद्यात समाजमाध्यमांचाही विचार केला होता. निवड करणाऱ्यांवर रील्सचा प्रभाव पडतो का, असेही विचारले जाते. मोठ्यांच्या गाण्यांवर ओठ हलवण्याच्या सवयीने मुलाचा स्वतःचा सूर हरवतो, एवढे मी शिबिरात पाहतो.

१८. मुलगा चौदा पूर्ण झाला. आता तासांची मर्यादा गेली का?

नाही. चौदा ते अठरा या वयासाठी त्याच अधिनियमात वेगळे कलम आहे. तीन तासांनंतर किमान एक तास विश्रांती, विश्रांती आणि वाट पाहण्याचा वेळ धरून दिवसाला एकूण सहा तास, सायंकाळी सात ते सकाळी आठ काम नाही, आणि एकाच दिवशी दोन ठिकाणी काम नाही, असे ते सांगते. ‘आता तो मोठा झाला’ म्हणून रात्रीच्या पाळीला बोलावणाऱ्यांना हे कलम दाखवावे. वाट पाहण्याचा वेळ धरणारी तरतूद मला विशेष आवडते, आणि लहान मुलांच्या बाबतीतही तोच हिशेब मागावा असे मी पालकांना सांगतो.

१९. आम्ही परदेशात राहतो. तेथे मुलाला काम करता येईल का?

तेथील मराठी मंडळांच्या नाटकांत हौशीने काम करण्यास अडचण नाही, आणि मराठी टिकवण्याचा तो उत्तम मार्ग आहे. पैसे घेऊन काम करायचे तर त्या देशाचे नियम लागतात. कॅलिफोर्नियात मुलाला कामाचा परवाना काढावा लागतो आणि एकूण कमाईच्या १५ टक्के रक्कम वेगळ्या संरक्षित खात्यात ठेवावी लागते; बालकलाकार जॅकी कूगन याची कमाई त्याच्या आईने आणि सावत्र वडिलांनी संपवल्यानंतर १९३९ मध्ये या कायद्याचा उगम झाला. इंग्लंडमध्ये स्थानिक परिषदेचा परवाना लागतो. अमेरिकेत एच-४ व्हिसावर (तेथे एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या) असलेल्या मुलाला मात्र मोबदल्याचे काम करण्याची परवानगी नसते. शाळेतल्या नाटकावर याचा परिणाम होत नाही, जाहिरातीवर होतो. तेथील वकिलाला विचारल्याशिवाय धनादेश स्वीकारू नये.

२०. मालिकेत कथानकाने काही वर्षांची झेप घेतली आणि आमच्या मुलीची भूमिका दुसऱ्या मुलीला गेली. तिला कसे समजवावे?

खरे कारण सांगावे: गोष्टीतली मुलगी मोठी झाली, तू अजून आठ वर्षांची आहेस. निर्मितिसंस्थेला दोष देऊ नये आणि तडकाफडकी दुसरे काम शोधू नये. तिला सर्वांत जास्त आठवते ती माणसे, मेकअप दादा, स्पॉट दादा, पडद्यावरची आजी. शक्य असल्यास निरोपाची भेट घडवावी. आवाज फुटण्याच्या आणि उंची वाढण्याच्या वयात बहुतेक मुलांची कामे दोन-चार वर्षे थांबतात. तो काळ नाटकाचा, वाचनाचा. १९५३ च्या ‘श्यामची आई’ मध्ये श्याम झालेले माधव वझे पुढे इंग्रजीचे प्राध्यापक आणि नाट्यसमीक्षक झाले. १९६३ मध्ये बालकलाकार म्हणून पडद्यावर आलेले सचिन पिळगावकर याच क्षेत्रात राहिले. आठव्या वर्षी यातले काहीच ठरलेले नसते.

२१. करार झाला आहे, निम्मे चित्रीकरण झाले आहे आणि मूल ‘मला नाही जायचे’ म्हणते. काय करावे?

आधी कारण शोधावे, आणि ते सेटवर न विचारता घरी, झोपताना विचारावे. पुष्कळदा कारण छोटे असते: टोचणारा विग, पहाटेचे उठणे, चुकलेला मित्राचा वाढदिवस, कोणीतरी सर्वांसमोर केलेली चेष्टा. ते दिग्दर्शकाला सांगितले की दूर होते. कारण कोणा व्यक्तीच्या भीतीचे असेल तर प्रश्न १५ पाहावा आणि त्या दिवसापासून काम थांबवावे. काहीच कारण नसेल, नुसता कंटाळा असेल, तर उरलेले दिवस मोजून दाखवावेत. शेवट दिसला की बहुतेक मुले काम पुरे करतात आणि पुरे केल्याचा त्यांना अभिमानही वाटतो. तरीही मूल ठाम असेल तर मुलाच्या इच्छेविरुद्ध काम न घेण्याचा नियम निर्मात्यावर बंधनकारक आहे. निर्मात्याला मुलाचा नकार लेखी कळवावा, घेतलेली आगाऊ रक्कम परत करण्याची तयारी ठेवावी आणि पुढच्या तारखांच्या आत कळवावे, म्हणजे त्यालाही दुसरे मूल शोधायला वेळ मिळतो.